दावा त्याचा, पुरावाही त्यानेच द्यायचा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला आणि त्यापाठोपाठ आपली सोसायटी उभी राहिली. जिल्हा आणि सोसायटी पाठोपाठच्या भावंडांसारखी वाढली म्हणायला हरकत नाही. या पंचवीस वर्षांत मी इथं दंतवैद्य म्हणून कमी आणि शेजारी म्हणून जास्त वावरलो, त्यामुळे आज व्यासपीठावरून बोलताना थोडं अवघडल्यासारखं होतंय.

सचिवांनी मला विषय दिला होता 'दातांची निगा'. मी त्यांना म्हटलं, निगा सगळ्यांना पाठ आहे. दोन वेळा ब्रश, गोड कमी, तंबाखू बंद. मी त्याऐवजी दातांच्या जाहिरातींबद्दल बोलतो. कारण हल्ली पेशंट दवाखान्यात येतो तो नुसतं दुखणं घेऊन येत नाही, सोबत मोबाइलवर पाहिलेली एक जाहिरातही घेऊन येतो. आणि कधी कधी ती जाहिरातच दुखण्याचं कारण असते.

जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, गणपतीच्या आरतीला मला एकच प्रश्न विचारला जातो, "डॉक्टर, पेस्ट कुठली चांगली?" आपल्या एक आजी तर दर दिवाळीला विचारतात, "भाऊ, मना दात पिवया दिसतस, काहीतरी सांग ना!" मी हसतो आणि कंपनीचं नाव काही सांगत नाही. काही जणांना वाटतं, डॉक्टर फुकटचा सल्ला द्यायला तयार नाहीत. तसं नाही हो. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याखाली आमची आचारसंहिता तयार झालेली आहे. दंतवैद्याने एखाद्या कंपनीच्या मालाची शिफारस करत जाहिरातीत उभं राहायचं नाही, असं ती सांगते. शेजाऱ्याला जिन्यात नाव सांगणं म्हणजे काही जाहिरात नव्हे, पण मी ती सवयच लावून घेतलेली नाही. पेस्टच्या नळीवर काय वाचायचं, हे मात्र मी आज नक्की सांगणार आहे.

आधी दाताचा रंग समजून घेऊ. दाताचं वरचं कवच असतं त्याला आम्ही इनॅमल म्हणतो. ते काचेसारखं अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आतला थर मुळातच पिवळसर असतो. वय वाढतं तसं कवच झिजतं आणि आतला पिवळेपणा जास्त दिसायला लागतो. म्हणजे पन्नाशीच्या माणसाचा थोडा पिवळा दात हा आजारी दात नसतो. केस पिकतात तसंच ते. उलट पांढराशुभ्र दिसणारा दात आतून किडलेला असू शकतो.

डागांचे दोन प्रकार. एक वरून बसलेले, म्हणजे चहा, पान, तंबाखू, मशेरी यांचे. दुसरे आतले. लहानपणी फ्लोराइड जास्त असलेलं पाणी प्यायल्याने पडलेले, मार लागून दाताची नस मेल्याने आलेले, काही औषधांमुळे आलेले. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. त्यापेक्षा जास्त असलेलं खोल बोअरचं पाणी मूल वर्षानुवर्षे प्यालं की पक्के दात येतानाच त्यांच्यावर पांढरे-तपकिरी चट्टे घेऊन येतात.

आता 'पांढरे दात' देणारी पेस्ट काय करते? बहुतेक पेस्टमध्ये बारीक खरवडणारी पूड असते. ती वरचे डाग घासून काढते. बस, एवढंच. आतला रंग ती बदलू शकत नाही. म्हणून चहाचा डाग जाईल, पाण्याचा चट्टा जाणार नाही. जाहिरात मात्र हा फरक सांगत नाही. ती दोन फोटो दाखवते, 'आधी' आणि 'नंतर'.

या फोटोंची एक गोष्ट सांगतो. २०१५ साली चीनमध्ये शांघायच्या प्रशासनाने क्रेस्ट या टूथपेस्टच्या जाहिरातीवर ६० लाख ३० हजार युआनचा दंड ठोठावला. एका दिवसात दात पांढरे, असा तिचा दावा होता. जाहिरातीतल्या बाईंचे दात चमकत होते ते संगणकावर रंग उजळल्यामुळे, पेस्टमुळे नव्हे, असं तपासात निघालं. तेव्हा पुढच्या वेळी 'आधी' आणि 'नंतर' बघाल तेव्हा फक्त दात बघू नका. दोन्ही फोटोंत ओठांचा आणि कातडीचा रंग सारखा आहे का, उजेड सारखा आहे का, तेही बघा.

आता कायदा. घाबरू नका, कलमं मोजून सांगणार नाही. १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यात दोन कप्पे आहेत. रोग बरा करणारं ते औषध. स्वच्छ करणारं, रूप खुलवणारं ते सौंदर्यप्रसाधन. नेहमीची टूथपेस्ट या दुसऱ्या कप्प्यात येते. सौंदर्यप्रसाधनाने गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल असा कोणताही दावा करायचा नाही, असा नियम आहे. मग 'हिरड्यांचा रोग मुळापासून बरा' असं एखाद्या मंजनाच्या डबीवर लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, बाबा रे, तू कुठल्या कप्प्यातला?

दुसरा कायदा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्याखाली २४ जुलै २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण काम करतंय. खोट्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड हे प्राधिकरण करू शकतं. जाहिरातीत झळकणाऱ्या नटालाही वर्षभर जाहिरात करायला बंदी घालू शकतं, आणि पुन्हा तेच केलं तर तीन वर्षं.

या कायद्याचा दात आपल्या विषयालाच लागला. २०२२ च्या सुरुवातीला प्राधिकरणाने स्वतःहून सेन्सोडाइनच्या जाहिराती तपासायला घेतल्या. त्यांत परदेशातले दंतवैद्य येऊन पेस्टची शिफारस करत होते. इथल्या दंतवैद्याला जे करायला मनाई आहे, ते परदेशी दंतवैद्याकडून करून घेऊन कायद्याला वळसा घालता येणार नाही, असं प्राधिकरणाने सांगितलं आणि त्या जाहिराती बंद करायला लावल्या. मग मार्चमध्ये दुसरा आदेश आला. 'जगभरचे दंतवैद्य शिफारस करतात' आणि 'जगातली एक नंबरची' हे दावे कशाच्या जोरावर, असं विचारल्यावर कंपनीने पाहणी पुढे केली, ती फक्त भारतातल्या दंतवैद्यांची निघाली. जगाचा दावा आणि पुरावा एका देशाचा! दहा लाखांचा दंड झाला आणि दावे मागे घ्यावे लागले.

त्याच वर्षी ९ जूनला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आली. ज्या व्यवसायातल्या भारतीयाला शिफारस करायला मनाई आहे, त्या व्यवसायातल्या परदेशी माणसालाही ती करता येणार नाही, हे त्यांत आता स्पष्ट लिहिलंय. या सगळ्याचं सार मी एका वाक्यात सांगतो: दावा ज्याचा, पुरावाही त्यानेच द्यायचा. पेस्ट खोटी आहे हे तुम्ही-आम्ही प्रयोगशाळेत जाऊन सिद्ध करायची गरज नाही. ती खरी आहे हे त्याने दाखवायचं.

आकड्यांची गंमत वेगळीच. १९९७ च्या सुमाराला पेप्सोडेंटची जाहिरात होती, 'आघाडीच्या पेस्टपेक्षा १०२ टक्के सरस'. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. कोलगेटने त्या वेळच्या मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली. आघाडीची पेस्ट म्हटल्यावर प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहतं हे उघड आहे, असं धरून आयोगाने कोलगेटच्या बाजूने कौल दिला. २०१३ मध्ये हेच दोघं पुन्हा कोर्टात गेले, तेव्हा आकडा १३० टक्क्यांवर गेला होता. आपल्याकडे मिरचीचा भावसुद्धा एवढा चढत नाही! पण टक्के कशाचे, हे विचारायचं. दात १०२ टक्के बरा होतो का? मोजलं काय, कधी मोजलं, कुणाच्या तोंडात मोजलं?

इंग्लंडमधला २००७ चा एक निकालही असाच. '८० टक्क्यांपेक्षा जास्त दंतवैद्य आमची पेस्ट सुचवतात' अशी कोलगेटची जाहिरात होती. लोकांना वाटलं, उरलेल्या सगळ्या कंपन्यांच्या वाट्याला फक्त २० टक्के. प्रत्यक्षात पाहणीत प्रत्येक दंतवैद्याला एकापेक्षा जास्त नावं सांगायची मुभा होती. तिथल्या जाहिरात नियामकाने ती जाहिरात पुन्हा वापरायला मनाई केली. आकडा खोटा नव्हता, त्यातून होणारा समज खोटा होता.

आता जरा आपल्या घरात डोकावू या. मोठ्या कंपन्यांवर बोलणं सोपं असतं. आपल्या जिल्ह्यात दातांबद्दलची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घातक जाहिरात टीव्हीवर कधीच लागली नाही. ती आजीकडून आईला आणि आईकडून लेकीला गेली. 'मशेरी लाव, दात दुखायचा थांबेल. मशेरीने दात घट्ट राहतात.' तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. निकोटीनने थोडा वेळ बरं वाटतं, मग सवय लागते, मग दिवसातून पाच-सहा वेळा दात 'घासले' जातात.

तंबाखूमुळे दात चांगले राहतात हा दावा इतका चालायचा, की कारखान्यांनीसुद्धा तंबाखूच्या पेस्ट आणि मंजनं काढली होती. १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ मध्ये न्यायालयाने बंदी कायम ठेवली. लोकांच्या आरोग्यासाठी धंद्यावर असं बंधन घालता येतं, हे मान्य केलं. म्हणजे आज दंतमंजन म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही डबीत तंबाखू असणं बेकायदा आहे. पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला कुठलं प्राधिकरण नोटीस काढणार?

तालुक्याच्या गावाहून एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. दात दुखतो म्हणून नाही, नातीच्या लग्नात फोटो काढायचे म्हणून दात पांढरे करून हवे होते. तोंड उघडून बघितलं तर गालाच्या आत पांढरा चट्टा. घासून न जाणारा. किती वर्षं मशेरी लावता, विचारलं. म्हणाल्या, "पोरगी होती तवापासून." त्यांच्या दृष्टीने त्या चाळीस वर्षं दातांची निगाच राखत होत्या. मी त्यांना दात पांढरे करून दिले नाहीत, पुढे तपासणीला पाठवलं. वेळेवर आल्या, म्हणून नातीच्या लग्नात त्या जेवल्या-नाचल्या. पण त्या आल्या होत्या पांढऱ्या दातांसाठी, हे लक्षात ठेवा.

दुसरी आपल्यासारख्याच एका वसाहतीतली लेक. मोबाइलवर रील बघून दात पांढरे करायचं जेल मागवलं. साखरपुड्याला आठ दिवस होते. डबीवर रसायनाचं प्रमाण नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. रात्रभर लावून झोपली, सकाळी हिरड्या भाजलेल्या. असल्या जेलमध्ये बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. युरोपात ०.१ टक्क्यापर्यंतच ते खुलं विकता येतं. त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंत फक्त दंतवैद्याच्या देखरेखीखाली, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की ज्या डबीवर प्रमाण लिहिलेलं नाही ती तोंडात घालू नका. दोन-तीन हजार गेले तर जाऊ द्या, हिरडी परत मिळत नाही.

मुलीच्या दातांवरचा चट्टा लग्नात आड येईल, ही भीती हा या सगळ्या बाजाराचा कच्चा माल आहे. जाहिरात आधी लाज विकते, मग त्या लाजेवरचा उपाय विकते. बघायला येणाऱ्या पाहुण्यांत आपण असू, तेव्हा आपण काय बोलतो, याचाही विचार व्हायला हवा.

कोळशाचंही सांगतो. आमच्या लहानपणी कोळशाने दात घासणाऱ्याला गावंढळ म्हणून हसायचे. आता तोच कोळसा काळ्या नळीत भरून चौपट किमतीला येतो. कोळशाने दात सुरक्षितपणे पांढरे होतात याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली आलेल्या आढाव्यात म्हटलंय. आणि व्हॉट्सॲपवर फिरतं ना, की नळीच्या तळाशी हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे रासायनिक? ती पट्टी यंत्राला नळी कुठे कापायची हे कळावं म्हणून छापलेली असते. तेव्हा पुढे ढकलणारे आपणही जाहिरातदारच झालो की!

मग नळीवर वाचायचं काय? फ्लोराइडची पेस्ट असेल तर त्याचं प्रमाण पीपीएममध्ये नळीवर आणि खोक्यावर लिहिणं बंधनकारक आहे. ते १००० च्या वर असता कामा नये. मुदत संपण्याची तारीखही हवी. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ती पेस्ट लवकर संपावी म्हणून.

आणि तळटीप बघा. मोठ्या अक्षरांत दावा मराठीत आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा इंग्रजीत, हे नियमाला धरून नाही. ज्या भाषेत दावा त्याच भाषेत खुलासा, आणि अक्षरही तसंच, असं २०२२ ची तत्त्वं सांगतात. आपल्या आजीला वाचता येईल असा खुलासा मागणं हा आपला हक्क आहे.

तक्रार कुठे करायची? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा. जाहिरातीपुरती तक्रार असेल तर १९८५ पासून मुंबईत काम करणारी जाहिरात मानक परिषदही आहे. नुकसान झालं असेल तर आपल्या नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. फसव्या जाहिरातीची तक्रार लेखी स्वरूपात थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलाय. म्हणजे दिल्ली लांब असली तरी तक्रारीची पेटी आपल्याच गावात आहे.

तक्रारीला तीन गोष्टी लागतात: पावती, डबी किंवा खोकं, आणि जाहिरातीचा फोटो. रील असेल तर स्क्रीनशॉट आधी काढा, कारण तक्रारीचा वास लागला की रील गायब होते.

आपण सहकारी सोसायटी आहोत. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, दिव्यासाठी आपण एका कागदावर सह्या करून अर्ज दिले आणि कामं करून घेतली. एकट्याने गेलो असतो तर अर्ज टेबलावरच राहिला असता. म्हणून कार्यकारिणीपुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, आपल्या सूचना फलकाचा एक कोपरा फसव्या जाहिरातींसाठी राखावा. कुणाला संशयास्पद दावा दिसला तर त्याचा फोटो तिथे लावायचा, आणि महिन्याच्या बैठकीत सगळ्यांच्या सह्यांनी तक्रार पाठवायची. दुसरी, रौप्यमहोत्सवी वर्षात एका रविवारी याच सभागृहात तोंडाची तपासणी ठेवू. मी येतो, माझे सहकारीही येतील, फी नाही. आपल्या घरी भांडी-धुणं करणाऱ्या मावशी, वॉचमन काका, दूधवाले दादा यांनाही घेऊन या. खरं तर त्यांनाच आधी आणा. मशेरी, गुटखा, तंबाखूची सवय असलेल्या प्रत्येकाने गालाच्या आतला, जिभेखालचा चट्टा आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम दाखवलीच पाहिजे.

त्या दिवशी कुणाचे दात पांढरे करून मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. आणि पेस्टचं नावही मी सांगणार नाही! तारीख सचिव फलकावर लावतीलच.